खंबायतचा अकीक : रंग, व्यापार आणि श्वास

गुजरातच्या नकाशावर सौराष्ट्र आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये समुद्राची एक अरुंद जीभ आत शिरलेली दिसते. मराठी पाठ्यपुस्तके तिला खंबायतचे आखात म्हणतात. ज्या नगरावरून आखाताला हे नाव मिळाले, ते नगर मही नदीच्या मुखापाशी आजही उभे आहे. स्थानिक लोक त्याला खंभात म्हणतात, जुन्या ग्रंथांत त्याचे नाव स्तंभतीर्थ आहे, तर युरोपीय प्रवाशांनी ते 'कँबे' असे लिहून ठेवले. आणंद जंक्शनहून निघणारा रेल्वेचा फाटा याच गावी संपतो. महाराष्ट्रातून शत्रुंजय किंवा शंखेश्वरच्या यात्रेला निघालेली अनेक जैन कुटुंबे वाट थोडी वाकडी करून येथे उतरतात, ती प्रामुख्याने श्री स्तंभन पार्श्वनाथ प्रभूंच्या दर्शनासाठी.

खारवाडा भागातील या जिनालयातील मूलनायकांची प्रतिमा आकाराने लहान, परंतु तेजाने विलक्षण आहे. परंपरा तिला नीलरत्नाची मानते. नऊ अंग-आगमांवर टीका लिहिणारे अभयदेवसूरी यांनी सेढी नदीच्या काठी स्तवन रचत असताना ही प्रतिमा प्रकट झाली आणि पुढे ती खंबायतला आणली गेली, अशी कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. दर्शन आटोपून यात्रेकरू बाजारात येतो. तेथे त्याला हलवासन आणि सुतरफेणीची दुकाने दिसतात, आणि त्यांच्याच शेजारी काचेच्या पेट्यांत मांडलेल्या तांबड्या, पिवळ्या, दुधी, हिरव्या आणि पट्टेदार दगडांच्या माळा दिसतात. हाच खंबायतचा अकीक. कोणी नवकार जपण्यासाठी १०८ मण्यांची माळ घेतो, कोणी अंगठीचा खडा, कोणी लहानसा हत्ती. माळ हातात थंडगार लागते, वजनाला भारदस्त वाटते आणि किंमत ऐकून घेणाऱ्याला आश्चर्य वाटते, कारण ती फारच थोडी असते. एवढ्या कठीण दगडाचे एवढे गुळगुळीत १०८ मणी, प्रत्येकाला आरपार वेज, आणि तरी दर इतका कमी कसा, असा प्रश्न व्यापारी घरातील माणसाच्या मनात उमटल्याशिवाय राहत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले, की खंबायतचा इतिहास, दगडाचे विज्ञान आणि श्रावकाची व्रते या तिन्ही गोष्टी एकाच सूत्रात ओवलेल्या आढळतात.

सह्याद्रीचाच सोयरा

अकीक हा गारगोटीचा भाऊबंद आहे. रासायनिक दृष्ट्या तो जवळजवळ संपूर्ण सिलिका, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. फरक इतकाच, की स्फटिकाचे कण मोठे व पारदर्शक असतात, तर अकीकाचे कण इतके सूक्ष्म व घट्ट विणलेले असतात की ते डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. या सूक्ष्मकणी जातीला कॅल्सेडोनी म्हणतात. तिच्यात थरांचे पट्टे असले की तो अकीक, पांढऱ्या-काळ्या सरळ पट्ट्यांचा असला की ऑनिक्स, म्हणजेच आपल्याकडील सुलेमानी दगड, आणि लोहाच्या अंशामुळे एकसारखा तांबडा असला की कार्नेलियन. बाजारात मात्र या सर्वांना सरसकट अकीकच म्हटले जाते. मोहस मापनावर त्याची कठीणता साडेसहा ते सात भरते. साधे पोलाद त्यावर ओरखडा काढू शकत नाही.

या दगडाचे जन्मस्थान महाराष्ट्राला परके नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात लाव्हारसाचे प्रचंड लोट भूपृष्ठावर पसरले आणि थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण निर्माण झाला. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी आणि देशावरील गढ्यांचे चिरे ज्या पाषाणाचे, तोच हा पाषाण. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि आतल्या भिंतीवर एकेक पातळ थर चढत गेला. पोकळी भरली की अकीकाचा गोटा तयार झाला. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या पाषाणाच्या पोटातून निघालेली अशी खनिजे पाहावयास मिळतात. भोवतालचा काळा पाषाण कालांतराने झिजून माती झाला, परंतु कठीण अकीक टिकून राहिला. नद्यांनी हे गोटे वाहून नेले आणि नर्मदेच्या दक्षिणेस, आजच्या भरूच जिल्ह्यातील झगडिया तालुक्यात, रतनपूरच्या परिसरात त्यांचे जाड थर साचले. खंबायतच्या कारागिराच्या हाती येणारा उत्तम दगड शतकानुशतके याच खाणींतून येत आहे.

साडेचार हजार वर्षांची पेठ

खंबायतच्या आखाताच्या माथ्यापासून फार दूर नसलेल्या लोथल येथे १९५५ नंतर पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. सिंधू संस्कृतीच्या या नगरात मणी घडविण्याची कार्यशाळा सापडली. अर्धवट घडविलेले, वेज पाडताना तुटलेले आणि पूर्ण झालेले मणी तेथे होते, आणि दगड भाजण्याची भट्टीही होती. इराकमधील ऊर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत, इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या काळातील थडग्यांत, सिंधू पद्धतीचे लांब तांबडे मणी मिळाले. म्हणजे आजच्या व्यापाऱ्यांच्या पूर्वजांनी लिपी, नाणी किंवा चोपड्या ज्या रूपात आपण ओळखतो त्या रूपात येण्यापूर्वीच या भूमीतील माल परदेशी राण्यांच्या गळ्यात पोहोचला होता.

त्या मण्यांची किंमत कळण्यासाठी एक हिशोब पुरेसा आहे. सिंधू संस्कृतीतील कारागिराच्या पद्धतीने प्रयोग करून पाहणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले, की तशा दगडी सळईने अकीकात तासाला सुमारे अडीच मिलिमीटर वेज पडते. दहा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला या गतीने चाळीस तास लागतात, आणि एवढ्या श्रमानंतर तो अखेरच्या क्षणी तडकला, तर सर्व मेहनत वाया.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासवृत्तात भरूच बंदराचे सविस्तर वर्णन आहे. उज्जैनहून अकीक आणि कार्नेलियन तेथे येत, असे त्यात नमूद आहे. मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी नोंद पुढे आहे : पैठणहून सुलेमानी दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भरूचला येत असे, आणि त्याच वाटेने तेर येथील कापडही. पैठण, तेर, नेवासे आणि भोकरदन येथील उत्खननांत सातवाहनकालीन अकीक व कार्नेलियनचे मणी विपुल प्रमाणात मिळाले आहेत. गोदावरीकाठचे सार्थवाह आणि आखाताच्या काठचे सागरी व्यापारी यांना जोडणारा हा दगडी दुवा दोन हजार वर्षांचा आहे.

भरूचनंतर खंबायत मोठे झाले. १३४२ च्या सुमारास येथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने परदेशी व्यापाऱ्यांच्या सुंदर वाड्यांचे आणि मशिदींचे कौतुक केले आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक ड्युआर्ते बार्बोसा याने रतनपूरजवळच्या लिमोदरा गावी अकीक कसा खणला व भाजला जातो, हे लिहून ठेवले. येथून मणी आणि अंगठ्यांचे खडे अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जात. परंतु महीचा गाळ आखातात साचत गेला. भरती-ओहोटीचा फरक येथे दहा मीटरहून अधिक, त्यामुळे मोठी गलबते गाळात रुतू लागली. सुरतेचे बंदर वर आले आणि खंबायतचे मागे पडले. आज बंदर नाही, परंतु बंदराबरोबर वाढलेला मण्यांचा हुन्नर मात्र राहिला आहे. खंबायतच्या अकीकाला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

स्तंभतीर्थातील श्रावक

या नगराच्या वैभवात जैन श्रावकांचा वाटा मोठा आहे. धंधुक्याच्या चांगदेव नावाच्या बालकाची दीक्षा याच नगरीत झाली आणि तोच पुढे कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य झाला. त्या वेळी येथील कारभार उदयन मंत्र्याकडे होता, असे प्रबंधग्रंथ सांगतात. तेराव्या शतकात महामात्य वस्तुपाल येथील अधिकारी झाले. आबूच्या लूणवसहीमुळे वस्तुपाल-तेजपाल हे बंधू सर्वांना परिचित आहेत. परंतु खंबायतमध्ये वस्तुपालांची आठवण वेगळ्या रूपात जपलेली आहे. येथील शांतिनाथ ताडपत्रीय ज्ञानभंडारात त्यांनी स्वहस्ते लिहिलेली 'धर्माभ्युदय' या महाकाव्याची ताडपत्रावरील प्रत आहे. राज्याचा कारभार पाहणाऱ्या, युद्धे जिंकणाऱ्या आणि मंदिरे उभारणाऱ्या गृहस्थाने स्वतः बसून ग्रंथाची नक्कल करावी, यातच त्या काळच्या श्रावकजीवनाचे मर्म आहे. विसाव्या शतकात मुनिश्री पुण्यविजयजी यांनी या भांडारातील ग्रंथांची सूची तयार केली.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंधारहून येऊन येथे स्थिरावलेल्या राजिया आणि वजिया या पारेख बंधूंचा व्यापार पोर्तुगीजांच्या गोव्यापर्यंत पसरलेला होता. त्यांनी येथे चिंतामणी पार्श्वनाथांचे जिनालय उभारले. त्याच काळातील खंबायतचे तेजपाल सोनी यांनी शत्रुंजयावरील आदीश्वर दादांच्या मुख्य मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्याचा वि. सं. १६५० चा शिलालेख तेथे आहे. सोने, रत्ने आणि दर्यावर्दी व्यापार यांतून मिळालेले द्रव्य या मंडळींनी धर्मकार्यात खर्च केले. हीरविजयसूरींचे चरित्र रासरूपाने लिहिणारे श्रावक-कवी ऋषभदास हेही याच नगरीचे.

दगडापासून मण्यापर्यंत

रतनपूरच्या खाणींत उभे खड्डे खणून आणि तळाशी आडवी बिळे काढून गोटे वर आणले जातात. बाहेरून ते मातकट बटाट्यासारखे दिसतात. जाणकार कारागीर एका बाजूची कपची उडवून आतला पोत पाहतो आणि खराब दगड तेथेच टाकून देतो. निवडलेला माल प्रथम उन्हात वाळविला जातो. त्यानंतर त्याची भाजणी होते. मातीच्या मडक्यांत दगड भरून त्यांच्या भोवती गोवऱ्या किंवा लाकडाचा भुसा रचून मंद आच दिली जाते. घाई केली तर दगडातील ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, म्हणून ही आच हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते.

या भाजणीत एक सुंदर रासायनिक बदल घडतो. पिवळसर-तपकिरी दगडातील लोह पाण्याच्या अंशासह बांधलेले असते. उष्णतेने ते पाणी निघून जाते आणि उरलेल्या लोह-ऑक्साइडचा रंग लाल होतो. गेरू भाजल्यावर जसा रंग खुलतो, तसाच हा प्रकार आहे. एकदा भाजून मनाजोगता रंग आला नाही, तर दगड पुन्हा भाजतात. याखेरीज भाजलेला दगड फोडण्यास अधिक सुलभ होतो. हजारो वर्षांच्या अनुभवाने कारागिराने शोधलेले हे तंत्र आधुनिक प्रयोगशाळेने केवळ समजावून सांगितले.

पुढचा टप्पा घडणीचा. जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी सळई, तिच्या टोकावर टेकविलेला दगड आणि कारागिराच्या हातात म्हशीच्या शिंगाचे डोके असलेली हलकी हातोडी. घाव वरून बसतो आणि कपची खालून, सळईच्या टोकापाशी उडते. एकेक टवका काढत ओबडधोबड दगडाला मण्याचा आकार येतो. दोन घावांत बिघडणारे हे काम शिकण्यास वर्षे लागतात. मग सहाणेच्या फिरत्या चाकावर मणी घासून गोल केला जातो. शेवटी त्याला झिलई आणि वेज. पूर्वी मणी चामड्याच्या पिशवीत घालून दोन माणसे ती तासन्‌तास इकडून तिकडे लोळवीत, त्यातून झिलई येई. आता विजेवर फिरणारी पिंपे आहेत. वेज पाडण्यासाठी कमानीचा सामता वापरला जाई. त्याच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसविलेले असत आणि वरून पाण्याचा थेंब पडत राही. अर्धे वेज एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने. दोन्ही मध्यभागी नेमके भेटले, तर मणी साधला.

रत्नांचे शास्त्र आणि श्रद्धा

भारतीय रत्नशास्त्रात हिरा, मोती, माणिक, पाचू, नीलम यांसारख्या महारत्नांना अग्रस्थान आहे. अकीक हे नवरत्नांत नाही. त्याचे स्थान उपरत्नांत. तरीही त्याच्याभोवती श्रद्धांचे मोठे वलय आहे. दृष्ट लागू नये म्हणून लहान मुलांच्या गळ्यात अकीकाचा मणी बांधला जातो. मुस्लिम समाजात अकीकाच्या अंगठीला आणि तसबीहला आदराचे स्थान आहे. रतनपूरला बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या या संतांनी अकीकाचा व्यवसाय वाढविला, अशी तेथील सिद्दी समाजाची दृढ श्रद्धा आहे आणि अकीकाची एक जात त्यांच्याच नावाने 'बाबाघोरी' म्हणून ओळखली जाते. रत्नाने ग्रह अनुकूल होतात, हा विश्वासही सर्वत्र आढळतो. जैन कर्मसिद्धांताच्या दृष्टीने मात्र खडा कोणाचे कर्म बदलू शकत नाही. कर्माची निर्जरा तपाने आणि भावशुद्धीनेच होते. म्हणूनच सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र्य यांनाच आचार्यांनी 'रत्नत्रय' म्हटले.

जैन वाङ्मयाने रत्नांकडे दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी व्यवहाराची. दिल्लीत अलाउद्दीन खलजीच्या काळात राजकोषाशी संबंधित असलेले जैन श्रावक ठक्कुर फेरू यांनी १३१५ मध्ये 'रत्नपरीक्षा' हा प्राकृत ग्रंथ लिहिला. रत्नांच्या खाणी, गुणदोष आणि मोल यांचा त्यात विचार आहे. गृहस्थाने आपल्या धंद्याचे ज्ञान शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडावे, याचे हे आदर्श उदाहरण होय.

दुसरी दृष्टी अधिक खोल आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात जीव आणि अजीव यांचे विभाग सांगताना कठीण पृथ्वीचे प्रकार मोजले आहेत. त्यात माती, वाळू, लोखंड, तांबे यांच्या बरोबरीने गोमेद, स्फटिक, मरकत, इंद्रनील, वैडूर्य, सूर्यकांत अशी रत्नेही येतात. ही सर्व पृथ्वीकाय. खाणीत असलेले रत्न हे एकेंद्रिय जीवाचे शरीर आहे, असे हे शास्त्र मानते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याच्या 'स्फोटकर्मा'चा समावेश आहे, तोही याच कारणाने. अनेक जैन कुटुंबे रत्नांचा व्यापार करतात, परंतु खाण चालविण्याच्या उद्योगापासून परंपरेने दूर राहिली, त्यामागील भावना यातून समजते. जेथे दगडातील जीवाचाही एवढा सूक्ष्म विचार झाला, तेथे तो दगड घासणाऱ्या पंचेंद्रिय मनुष्याचा विचार किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

सहाणेवरील धूळ

खंबायतच्या दुकानात दिसणारी माळ स्वस्त का, याचे उत्तर बाजारपेठेत मिळत नाही. ते शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि शकरपूरसारख्या जवळच्या गावांत मिळते. येथे घराच्या ओसरीवर किंवा अंगणातील छपराखाली विजेवर चालणारी सहाणेची चाके असतात. दगड कोरडाच घासला जातो. चाकाखालून पांढरी धूळ उडते आणि कारागिराच्या केसांवर, पापण्यांवर, शेजारी वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांवर बसते.

डोळ्यांना दिसणारी धूळ त्या मानाने कमी घातक. दहा मायक्रॉनपेक्षा लहान, न दिसणारे सिलिकाचे कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, परंतु पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात. या अखंड चक्रात फुप्फुसावर व्रणासारख्या कठीण गाठी निर्माण होतात आणि हळूहळू श्वास अपुरा पडू लागतो. या रोगाचे नाव सिलिकोसिस. फुप्फुस एकदा असे कठीण झाले, की ते पूर्ववत करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो. अशा फुप्फुसाला क्षयरोग सहज जडतो, आणि अनेकदा मूळ रोग न ओळखता केवळ क्षयाचेच उपचार होत राहतात.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कारागिरांची अनेक वेळा तपासणी केली आहे. घासणी करणाऱ्यांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळलाच, परंतु त्या घरांतील आणि शेजारच्या ज्या माणसांनी कधी दगडाला हात लावला नाही, त्यांच्या फुप्फुसांतही त्याच्या खुणा मिळाल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला नोंद आवश्यक असलेल्या रोगांच्या यादीत घातले. पण ओसरीवरचे चाक कारखान्याच्या व्याख्येत बसले नाही. कारागिराला मजुरी मिळते ती नगावर. मालक कोण, हे कागदावर कोठेच नाही. दगड देणारा एक, घडविणारा दुसरा, घासणारा तिसरा, वेज पाडणारा चौथा आणि विकणारा पाचवा. साखळी इतकी लांब, की जबाबदारी कोणत्याच कडीवर ठरत नाही.

उपाय अज्ञात नाहीत. चाकावर पाण्याची धार सोडून ओली घासणी केली, तर धूळ पुष्कळ कमी होते. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नळ चाकापाशी बसविला, तर ती श्वासापर्यंत येण्यापूर्वीच बाजूला जाते. तोंडावर बांधलेला रुमाल मात्र उपयोगाचा नाही, कारण त्याच्या विणीतून हे कण सहज पार होतात. अडचण ही, की ओल्या घासणीत काम मंदावते, हात दिवसभर ओले राहतात आणि मण्याचा पैलू नीट दिसत नाही. धूळ ओढणाऱ्या यंत्राला विजेचा खर्च येतो. ज्याला नगावर मजुरी मिळते, तो दहा मण्यांऐवजी सात मणी घासणे कसे पत्करील? तीन मण्यांच्या त्या तुटीचा भार कोणी उचलावयाचा, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

व्रताची कसोटी

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या प्रत्येक अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेला हा ग्रंथ. अचौर्य व्रताचा एक अतिचार आहे 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे खरे म्हणून देणे. अकीकाच्या धंद्यात याची परीक्षा रोज होते. भाजून रंग खुलविलेला अकीक ही प्राचीन आणि सर्वमान्य रीत आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन येथे अकीकाला रसायनांनी हवा तो रंग देण्याचे तंत्र विकसित झाले आणि आज बाजारातील गडद निळा, गुलाबी किंवा काळाकुट्ट अकीक बहुधा रंगविलेला असतो. तो विकण्यात दोष नाही. तो नैसर्गिक रंगाचा म्हणून विकण्यात दोष आहे. काचेचा मणी अकीक म्हणून देणे हा तर उघड अतिचार. काचेत बारीक बुडबुडे दिसतात, ती हाताला लवकर उबदार होते आणि अकीकाने तिच्यावर ओरखडा निघतो, इतके ग्राहकालाही ठाऊक असावे.

अहिंसा व्रताच्या अतिचारांत बंध, वध, छेद यांच्यानंतर 'अतिभारारोपण' येते. पेलण्यापलीकडचे ओझे लादणे, असा त्याचा अर्थ. बैलाच्या पाठीवरील गोणीचे उदाहरण देऊन तो समजावला जातो, आणि जैन व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभारून मुक्या प्राण्यांच्या बाबतीत हे व्रत आदराने पाळले. आजच्या व्यापारात ओझे डोळ्यांना दिसतेच असे नाही. कधी ते दराच्या रूपाने लादले जाते. घाऊक खरेदी करणाऱ्याने माळेमागे काही रुपये तोडून घेतले, की ते साखळीतून खाली सरकत सरकत शेवटी कोरड्या चाकापाशी बसलेल्या माणसाच्या श्वासावर येऊन पडतात. शास्त्राने हिंसेचे तीन मार्ग सांगितले : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास अनुमोदन देणे. तिसरा मार्ग सर्वांत शांत असतो. त्यात हात मळत नाहीत आणि चोपडीतही काही लिहावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, की माळ घेणेच सोडावे. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. खंबायत परिसरातील अनेक कुटुंबांची चूल या दगडावर पेटते. मागणी थांबली तर मजुरी आणखी घसरेल आणि उरलेले काम अधिक कोरडे, अधिक घाईचे होईल. व्यापारी समाजाच्या हातात याहून प्रभावी साधन आहे, ते म्हणजे खरेदीची अट. माल कोठे घासला, ओला की कोरडा, चाकापाशी धूळ ओढण्याची सोय आहे की नाही, हे विचारणारा ग्राहक एकटा असला तर त्याला हसण्यावारी नेले जाते. परंतु प्रभावनेसाठी एकदम पाचशे माळा घेणारा संघ, विवाहात भेटवस्तू म्हणून अकीकाच्या वस्तू मागविणारे कुटुंब किंवा मुंबई-पुण्याला माल पाठविणारा घाऊक व्यापारी हाच प्रश्न विचारू लागला, तर उत्तर द्यावेच लागते. दर ठरविताना ओल्या घासणीची तीन मण्यांची तूट भरून देणे, कारागिरांच्या गटाला पाण्याची जोडणी असलेली चाके घेऊन देणे, वर्षातून एकदा छातीच्या तपासणीचे शिबिर भरविणे, ही कामे एखाद्या मध्यम पेढीच्याही आवाक्यातील आहेत. पाणपोई आणि पांजरपोळ यांची परंपरा असलेल्या समाजाला ती अपरिचित वाटू नयेत.

संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या यात्रेकरूच्या पिशवीत सुतरफेणीच्या डब्याशेजारी अकीकाची माळ असते. घरी गेल्यावर ती देव्हाऱ्याजवळ ठेवली जाईल आणि पहाटे एकेक मणी बोटांखालून सरकेल. नवकारातील पाचवे पद लोकांतील सर्व साधूंना नमस्कार करते, आणि साधूचे पहिले महाव्रत कोणत्याही जीवाला पीडा न देण्याचे. जपासाठी घेतलेल्या माळेच्या मोलात त्या व्रताचा लहानसा अंश तरी असावा. त्यासाठी दुकानाच्या पायरीवर, दर विचारण्याच्या आधी, एक प्रश्न विचारावा लागतो : हा मणी पाण्यात घासला की कोरडा?